दोन बोटं माया

माझी आई शिरूरला बाजारपेठेमागच्या गल्लीत चाळीस वर्षं ब्लाउज शिवतेय. कुणाचं माप वाढलं, कुणाचं उतरलं, हे बायकांच्या नवऱ्यांच्या आधी तिला कळतं. त्याच बाईनं स्वतःच्या डाव्या छातीतली गाठ वर्षभर कुणाला सांगितली नाही. का, तर दुखत नव्हती. "दुखंल तवा बघू," हे आमच्याकडचं मोठं शास्त्र.

मी दौंडला राहते आणि कुरकुंभच्या एका औषध कंपनीत लॅबमध्ये काम करते. लेबलवरचा एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मी आख्खी बॅच अडवून धरते. पाठीमागे मला 'खवट बाई' म्हणतात, आणि खोटं नाही ते. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या हातून जी चूक झाली ती शब्दाचीच होती.

पुण्यात ऑपरेशन झालं, आईची छाती काढली. रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि मला आत घेतलं.

"खरं तर केमो द्यायला हवी," ते म्हणाले. "पण आईंच्या हृदयाचं पंपिंग फार कमी आहे. हृदयाच्या डॉक्टरांशी बोललो, तेही नको म्हणतात. केमो त्यांना झेपणार नाही. गाठ हार्मोनवर वाढणारी आहे, त्यामुळे आपल्या हातात गोळी आहे. रोज एक, काही वर्षं. ती मात्र चुकवायची नाही."

मी बाहेर आले. आई बाकावर बसून पिशवीचा उसवलेला बंद शिवत होती. सुईदोरा तिच्याजवळ कायम असतो. केमोला ती केमिकलच म्हणायची. माझ्या कंपनीतल्या कपड्यांचा वास तिला माहीत होता, तसलं काहीतरी शिरेतून सोडतात अशी तिची समजूत. तोंड पार उतरलेलं.

"काय म्हनले? केमिकल द्यायचं का?"

"नाही. तुला केमो लागत नाही."

झेपत नाही असं म्हणायचं होतं, लागत नाही म्हणाले. जीभ घसरली नव्हती. तिचं तोंड बघून मी शब्द बदलला, आणि बदलताना मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं गल्लीत जिलेबी वाटली. "माझी गाठ साधी व्हती. केमिकल बी लागलं न्हाई मला," दारोदार सांगत होती. मी तिच्या मागून पातेलं धरून चालत होते. शेजारच्या मावशींनी माझ्याही तोंडात जिलेबी कोंबली आणि मी ती खाल्ली. म्हटलं, जखम भरू दे, मग सांगू. जखम भरली. मग दिवाळी आली, मग लग्नसराई, मशीनशेजारी कापडांचा ढीग लागला. सांगायला मुहूर्त शोधत बसले मी. वाईट बातमीला कधी मुहूर्त असतो का?

दर रविवारी फोन करायचे. "गोळ्या आहेत ना?"

"हायत की डब्यात."

मला ते पुरायचं. लॅबमध्ये कुणी असलं उत्तर दिलं असतं तर मी त्याला उभं जाळलं असतं.

सहा महिन्यांनी तिला तपासणीला न्यायला गेले. माझ्या ब्लाउजचा हूक तुटला होता म्हणून तिचा हुकांचा डबा उघडला. हूक, बटणं, आणि त्यांच्याखाली गोळ्यांच्या पाकिटांची चळत. चार महिन्यांच्या गोळ्या, एकही फोडलेली नाही. डब्यातच होत्या, ती खोटं बोलली नव्हती.

मी खूप ओरडले. गल्ली गोळा होईल इतकी. ती मशीनवरून उठलीसुद्धा नाही.

"दोन म्हयने घेतली की. त्या गोळीनं सकाळी बोटं आखडत्यात गं. सुई धरवंना. म्हनलं, केमिकलच लागलं न्हाई तर गोळी कशापायी? साध्या आजाराला माझी बोटं घालवू व्हय?" मग दोरा दातानं तोडून म्हणाली, "काखेत पुन्यांदा बारीक गाठ लागतीया. ती बी साधीच आसंल, म्हनून बोलले न्हाई."

साधी. 'लागत नाही' म्हणून हा शब्द मीच तिच्या हातात दिला होता. मी खाली फरशीवर बसले आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांचे शब्द, जसेच्या तसे, सहा महिने उशिरा.

"म्हंजी केमिकल लागत व्हतं," ती म्हणाली.

"हो."

"पर मला झेपनार नव्हतं."

"हो."

ती रडेल असं वाटलं होतं. रडत मीच होते. तिनं मशीनवरचा ब्लाउज काढला, उलटा केला आणि कडेची शिवण माझ्यापुढे धरली. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडलेलं होतं.

"ह्याला काय म्हनतो आपुन?"

"माया."

"व्हय. दोन बोटं माया. बाई अंगानं भरली तर उसवून सोडाया ठेवायची. पर ती आतनं. माप हाय तेच लिव्हायचं. तू माझं मापच बदाललंस, बाई."

तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. चार महिने ती गोळी तिच्या पोटात गेली असती तर काय झालं असतं, हे कुणीच खात्रीनं सांगणार नाही. पण निवड तिची होती, बोटं की गोळी, आणि खरं माप कळलं असतं तर तिनं ती डोळे उघडे ठेवून केली असती. मी तिला ते करू दिलं नाही. मायेपोटी केलं म्हणून ते कमी चुकीचं होत नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याला गेलो. नाव पुकारल्यावर मी सवयीनं फाइल घेऊन उठले. आईनं माझ्या हातातून फाइल काढून घेतली.

"तू बस भायेर. माझं माप मीच घेते."

दार लागलं. मी त्याच बाकावर बसून राहिले. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. पदर सावरला, फाइल पिशवीत घातली, चपला सरळ केल्या.

"काय म्हणाले गं?" मी विचारलं.

"काय न्हाई. बरं हाय समदं. चल, गाडी जाईल."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या बोलण्यात माप किती आणि माया किती, हे तिला विचारायचा हक्क मी घालवून बसले होते. मी तिची पिशवी घेतली आणि तिच्या मागून चालू लागले.