हलव्याचा मुकुट आणि माझी हरणी

माझ्या लग्नात पाठराखीण म्हणून माझ्याबरोबर एक शेळी आली होती.

म्हणजे ठरली होती माझी चुलतबहीण. नव्या नवरीला सासरी परकं वाटू नये म्हणून माहेरचं कुणीतरी चार दिवस सोबत धाडायची आमच्याकडं पद्धत. पण ऐन निघायच्या दिवशी त्या बयेला कांजिण्या आल्या, मी रडून मांडव डोक्यावर घेतला, आणि आमच्या अण्णांनी (म्हणजे वडिलांनी) वैतागून गोठ्यातली हरणी सोडली आणि बैलगाडीच्या मागं बांधली. "घे! हिला घिऊन जा, पर आता गप बस!" नंदगडजवळच्या आमच्या खेड्यापासून बेळगावच्या टिळकवाडीपर्यंत पुढं मी रडत होते, मागं ती ओरडत होती. पाठराखीण चार दिवसांनी परत जाते. हरणी गेली नाही.

सासर वकिलाचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, वकिली करायचे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची आणि त्यांना बघितलं की घाबरायची. त्यांच्या घरात भिंतीशी लावलेले पाटसुद्धा शिस्तीत उभे राहायचे! अशा घरात हरणीनं पहिल्याच आठवड्यात मामंजींच्या गुलाबाचे शेंडे खाल्ले आणि दुसऱ्या आठवड्यात एका अशिलाचा अर्धा अर्ज. मामंजी काही बोलले नाहीत. आत्याबाई बोलल्या.

"सूनबाई, आता आणखी एक खोडी केली, की ही नंदगडच्या बाजारात. सांगून ठेवते!"

नंदगडच्या बाजारात शेळ्या कोण घेतं आणि पुढं त्यांचं काय होतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्या मोठ्या घरात मी धड कुणाशी बोलत नव्हते. बोलायला गेले की माझं 'व्हय-न्हाय' ऐकून आल्यागेल्या बायका हसायच्या. हरणी हसत नसे. दुपारी परसात तिच्या गळ्यात हात टाकून बसलं की मला घरी गेल्यासारखं वाटायचं. ती गेली असती तर मी काय केलं असतं, याचा विचारसुद्धा मला करवत नव्हता.

अशातच माझी पहिली संक्रांत आली.

पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून, अंगावर हलव्याचे दागिने घालून हळदीकुंकवाला बसवतात. हलवा म्हणजे साखरेचा. आणि तेव्हा लढाई चालू होती. तोफा उडायच्या तिकडं लांब कुठंतरी, आणि साखर नाहीशी व्हायची आमच्या बेळगावातून! ती मिळायची रेशनवर, चिमटीएवढी. म्हणून दिवाळीपासून आख्ख्या घरानं गुळाचा चहा प्यायला. मामंजी तो औषधासारखा डोळे मिटून घ्यायचे आणि डोळे उघडले की एकदा माझ्याकडं बघायचे.

मग आत्याबाई शेगडीपुढं बसल्या. परातीत तीळ, वरून पाकाचा एकेक थेंब, आणि बोटांनी ते सारखं फिरवत राहायचं. दाण्याला बारीक काटा येईपर्यंत! सहा दिवस त्या जागच्या हलल्या नाहीत. बोटांची टोकं लालबुंद झाली, एकावर फोड आला. मी जवळ गेले की म्हणायच्या, "तू लांबच राहा गं. तुझ्या हाताला घाम फार. काटा मोडेल!" (घाम यायचाच. त्यांना बघितलं की यायचा.) शेवटी पुठ्ठ्याचा मुकुट कापून त्यावर हलवा बसवला. हार, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, सगळं ओवलं. ते सुपात मांडून कोठीच्या खोलीत ठेवलं तेव्हा मला खरंच भरून आलं. एवढं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं.

"या खोलीची राखण तुझ्याकडं," आत्याबाई म्हणाल्या. "परसाकडच्या दाराची कडी काढायची नाही."

"व्हय आत्याबाई."

संक्रांतीच्या सकाळी त्या वाण द्यायला देवळात गेल्या. मामंजीही कुणाला तरी भेटायला बाहेर पडले. मी हरणीसाठी मूठभर भुसा घ्यायला कोठीत गेले, परसाकडून बाहेर आले, आणि कडी? कडी राहिली! अर्ध्या तासानं आठवण झाली तशी धावत गेले. दार सताड उघडं. सूप रिकामं. जमिनीवर हलव्याचे चार दाणे. आणि सुपाच्या शेजारी हरणी ऐसपैस बसून, डोळे अर्धवट मिटून, शांतपणे तोंड हलवत होती!

दिवाळीपासूनची साखर, सहा दिवसांचं काम, आत्याबाईंच्या बोटावरचा फोड, सगळं त्या हलत्या तोंडात गेलं होतं!

"हरणे! मुकुट बी खाल्लास? पुठ्ठ्यासकट?"

हरणीनं तोंड हलवलं.

तेवढ्यात आमचे 'हे' दारात आले. (लग्नाला आठ महिने झाले होते. पण दिवसाउजेडी आम्ही एकमेकांशी सरळ बोललो ते बहुधा त्या दिवशीच पहिल्यांदा. घरात कुणी नव्हतं म्हणून, आणि मी भोकाड पसरलं होतं म्हणून.)

"काय झालं गं?"

"हिनं दागिनं खाल्लं वो! समदं!"

त्यांनी सूप बघितलं, शेळी बघितली आणि ते मटकन खाली बसले. आईला ते माझ्यापेक्षा जास्त घाबरायचे.

"खरं सांगून टाक," ते म्हणाले.

"तुमी सांगा."

"नको नको. आपण दुसरे करू."

"साखर कुठली आणायची?"

"पांढरं काय काय आहे घरात?"

मग आम्ही दोघं घरातलं पांढरं आठवत बसलो. मीठ विरघळतं. तांदूळ हालतात, चिकटत नाहीत. कापसाचे दागिने गणपती घालतात, सुना नाहीत. चुन्याचा विचार त्यांनी केला. (मॅट्रिक पास होते!) आणि मग मला आठवलं. आईनं आठवड्यापूर्वी गाडीवानाबरोबर ज्वारीच्या लाह्यांचं गाठोडं धाडलं होतं. पांढऱ्याशुभ्र, फुललेल्या लाह्या! लांबून, तिन्हीसांजेला, घासलेटच्या दिव्यात हलवा आणि लाही यांत कुणाला फरक कळणार? त्या क्षणी तर मला स्वतःच्या अकलेचं कौतुकच वाटलं.

लाहीत सुई घातली की लाही फुटते, हे पहिलं ज्ञान झालं. शंभरातली एखादी टिकायची. बाकीच्या चिकटवायला कणकेची खळ शिजवली. मुकुटाला पुठ्ठा मिळेना, तर यांनी मामंजींच्या पगडीच्या पेटीचं झाकणच कापून आणलं!

"अवो, मामंजी इचारतील की!"

"सुट्टीचे दिवस आहेत. पगडी चार दिवस कशाला लागते?"

दोन तासांत मुकुट झाला. एका कानावर झुकायचा. हाराला मध्ये मध्ये टक्कल होतं. खळ ओली होती, ती कोपरापर्यंत गेली. हरणी दारातून हे सगळं अतिशय मन लावून बघत होती, आणि मी तिला म्हणत होते, "बघ, तुझ्यापायी काय काय करावं लागतंय!" यांनी तिला परसातल्या पेरूला बांधलं. त्यांच्या गाठीबद्दल तेव्हाच मला शंका आली होती, पण नवऱ्याला कसं बोलणार?

आत्याबाई परत आल्या आणि तिळाच्या पोळ्यांच्या गडबडीला लागल्या. त्या कोठीकडं वळल्या की मी पुढं धावायची. "काय पायजे? मी आणते!" तीळ मी आणले, तूप मी आणलं, गूळ मी आणला. त्या कोठीवरून परसात जाऊ नयेत म्हणून मोलकरणीच्या आजारी लेकराची चौकशी करायलाही मीच धावले. चार वेळा असं झाल्यावर आत्याबाई थांबून म्हणाल्या, "आज फार गुणी झालीस गं!" मला ते बोलणं लागलं. इतक्या मायेनं त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या, आणि मी त्यांना फसवत होते.

तिन्हीसांजा झाल्या. बायका जमायला लागल्या. आत्याबाई करंडा घेऊन पाहुण्यांचं बघत होत्या. मला म्हणाल्या, "चंद्रकळा नेसून तयार राहा. दागिने मी येऊन घालते." त्या येईपर्यंत थांबले असते तर मेलेच असते! मी आतल्या खोलीत सगळं अंगावर चढवलं, खळीनं गार पडलेला हार गळ्यात घातला, आणि त्यांनी बोलवायच्या आतच पुढच्या दालनात, म्हणजे सोप्यात, येऊन पाटावर बसले. मान खाली. (लाजेनं नव्हे. मान वर केली की मुकुट मागं सरायचा.)

शेजारच्या बसव्वा, घरी कानडी आणि आमच्याशी मराठी बोलणाऱ्या, पुढं वाकल्या. त्यांनी माझ्या बाजूबंदाला हात लावला. दोन लाह्या त्यांच्या बोटाला चिकटून आल्या.

"अय्यो! इदेन्री? काय ह्ये?"

आत्याबाई वळल्या. हातातला करंडा तसाच राहिला. "सूनबाई, हे... हे कुठले गं घातलेस?"

मी तोंड उघडलं, पण आवाज फुटायच्या आत परसाकडून खुरांचा टपटप आवाज आला. यांची गाठ सुटली होती! हरणी स्वयंपाकघरातून सोप्यात आली, बायकांच्या रांगेतून वाट काढत थेट माझ्याकडं आली, आणि तिनं माझा हार मधोमध धरला. लाही आणि वर कणकेची खळ! तिच्या जन्मात असं पक्वान्न कुणी तिच्यापुढं ठेवलं नव्हतं. मी मागं सरले, ती पुढं आली. हार तुटला. बाजूबंद गेला. मी मुकुट दोन्ही हातांनी धरला तर तिनं पुढचे पाय माझ्या मांडीवर ठेवून मुकुटाचं टोक तोडलं! बायका पाटांवर चढल्या. कुणी हसत होतं, कुणी ओरडत होतं, बसव्वा हळदीकुंकवाचं तबक डोक्यावर धरून भिंतीला चिकटल्या होत्या.

मला फक्त बाजार दिसत होता. मी हरणीच्या गळ्याला मिठी मारली आणि मोठ्यानं रडत सगळं सांगून टाकलं.

"आत्याबाई, चूक माझी हाय! कडी मीच उघडी टाकली! सकाळी हिनं खरं दागिनं खाल्लं, म्हणून म्या ह्ये केलं! तिला बाजारात धाडू नगा! मला धाडा, पर तिला नगा!"

हरणी मात्र चावतच होती.

आत्याबाई आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात मोठा पितळी डबा होता. तो त्यांनी माझ्यापुढं ठेवला आणि झाकण काढलं. आत मुकुट. हार. बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा. जमिनीवर सांडलेले ते चार दाणे सोडले, तर एक दाणा हललेला नव्हता.

"पहाटे सुपाला मुंग्या दिसल्या. म्हणून उचलून फडताळात ठेवले. तू आंघोळीला गेली होतीस." (भुसा घ्यायला गेले तेव्हा मी सुपाकडं बघितलंच नव्हतं!)

"पर... पर ही तोंड हलवीत हुती!"

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग हरणीकडं. मग पुन्हा माझ्याकडं.

"अगं, शेळी रवंथ करते!"

सोपा असा हसला की रस्त्यावरची माणसं थांबली. शेळ्यामेंढ्यांत जन्मलेली, धारा काढून मोठी झालेली मी! वकिलाच्या बायकोनं मला सांगावं की शेळी रवंथ करते! धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण हसता हसता आत्याबाईच माझ्या शेजारी बसल्या. पदरानं त्यांनी माझ्या तोंडावरची खळ पुसली आणि हळूच म्हणाल्या, "मला विचारायचं तरी होतंस गं. मी काय वाघ आहे?" मी "न्हाय" म्हणाले. अर्धं खरं, अर्धं खोटं. मग त्यांनी त्या फोड आलेल्या बोटांनी एकेक खरा दागिना माझ्या अंगावर चढवला. त्या दिवसापासून मला त्या घरात परकं वाटलं नाही, हे मात्र शपथेवर सांगते.

एवढ्यात, केव्हातरी परत आलेले मामंजी बाहेरच्या खोलीतून सोप्यात आले. त्यांच्या हातात पगडीची पेटी होती. तिला झाकण नव्हतं. त्यांनी हरणीच्या तोंडातला पुठ्ठा बघितला, माझ्याकडं बघितलं, दाराआड लपलेल्या आपल्या चिरंजीवांकडं बघितलं आणि घसा साफ केला.

"शेळीवरचा आरोप शाबीत होत नाही. तिची निर्दोष सुटका," ते म्हणाले. "खोटा पुरावा तयार करणाऱ्यांचं काय करायचं, ते जेवणानंतर बघू."

हरणी पुढं सात वर्षं आमच्या परसात राहिली, तीनदा व्याली, आणि तिच्यावर पुन्हा कधी कुणी संशय घेतला नाही. माझी मात्र सुटका झाली नाही. आज साठ वर्षं होत आली. घरात डब्यातला लाडू कमी झाला, किल्ली हरवली, कुणाचा चष्मा सापडेना, की लेकी-सुना-नातवंडं सगळी आधी माझ्या तोंडाकडं बघतात, हलतंय का म्हणून. आणि माझे दात गेल्यापासून मेलं ते कायमच हलतंय!