दोन सोलापूरकरणी

मी होटगी सोडलं तेव्हा अप्पांनी स्टेशनात माझी बॅग मला उचलू दिली नाही. सगळी नोकरी त्यांनी रेल्वेत गँगमन म्हणून, उन्हातान्हात रुळांवर काढलेली. पण त्या दिवशी ते पांढरं धोतर नेसून पाहुण्यासारखे आले होते. अव्वा खिडकीचा गज धरून गाडी हलेपर्यंत एकच सांगत होती, "रोज फोन कर. ऊटा आत, एवढंच सांग." ऊटा आत म्हणजे कानडीत जेवण झालं; एवढं कळलं की तिला पुरणार होतं. अप्पा म्हणाले, "लांब चाललीस. तितं आपलं कोन न्हाय. जे भेटंल त्याला आपलं करायचं." हे वाक्य मी जरा जास्तच मनावर घेतलं, असं माझा धाकटा भाऊ शिवानंद आजही म्हणतो.

शारजातल्या एका हॉस्पिटलात मला नर्सची नोकरी मिळाली, आणि खोली मिळाली ती कराचीच्या रुखसानाबरोबर. मी घाबरले, हे कबूल करते. तीही घाबरली होती, हे तिनं पुढे सांगितलं. दोघींनाही घरून एकच सूचना होती: जपून राहा, त्या लोकांचा भरवसा नाही. जपून राहायला वेळ कुणाला होता? बारा तासांची ड्यूटी, आल्यावर पाय गरम पाण्याच्या बादलीत, एकीनं भात टाकला की दुसरीनं डाळ. आमच्या सुपरवायझरला दोघी सारख्याच. रोस्टर चुकलं की तो दोघींवर एकाच आवाजात ओरडायचा. ज्या रेषेपायी आमच्या दोन्हीकडची माणसं टीव्हीसमोर बसून दात खातात, ती रेषा त्याला दिसतही नव्हती.

बाराव्या वर्षी रुखसानाची आजी व्हिजिट व्हिसावर महिनाभर राहायला आली. जैनबनानी. वय ऐंशीच्या घरात, अंगानं काडी. दुसऱ्याच दिवशी मी अप्पांशी फोनवर बोलत होते. "लई ऊन हाय का तिकडं?" असं मी विचारलं, आणि आतल्या खोलीतून आवाज आला,

"मे महिन्यात असंलच की!"

मी फोन तसाच धरून आत गेले. नानी पलंगावर बसून हसत होती. "मराठी साळंत होते, तिसरीत," ती म्हणाली, आणि बेचा पाढा बे दाही वीसपर्यंत म्हणून दाखवला. रुखसाना दारात थिजून उभी. आजीच्या तोंडून ही भाषा तिनं जन्मात ऐकली नव्हती.

नानी सोलापूरची. विजापूर वेशीजवळच्या गल्लीतली. फाळणीनंतर दोनेक वर्षांनी तिच्या शिंपी वडिलांनी घर उचललं आणि मुंबईहून बोटीनं कराची गाठली. ती तेव्हा नऊ वर्षांची. थोरली बहीण खैरुन पंधराची, नुकतंच लग्न झालेली. ती सासरी सोलापुरातच राहिली. काही वर्षं पत्रं आली-गेली. मग युद्ध झालं, पत्रं थांबली. नानी माझा हात धरून म्हणाली, "खैरुन आपा हैं क्या नहीं, इत्ताच देख ना बेटा. बाजूमें लोहार की भट्टी थी."

त्या वर्षी रजेवर गेले तेव्हा मी विजापूर वेशीत दोन दिवस फिरले. लोहाराची भट्टी गेली होती, पण तिथं वेल्डिंगचं दुकान होतं, त्याच घराण्यातलं. त्यांनी बोट दाखवलं. दोन गल्ल्या पलीकडे खैरुनबी उंबऱ्यावर बसून मेथी निवडत होत्या. जैनबचं नाव घेतलं तर मेथीची जुडी मांडीवर तशीच राहिली. "वो तो जंग के टाइम बुखार से मर गई बोले थे," त्या म्हणाल्या. मी व्हिडिओ कॉल लावून दिला. दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या चेहऱ्यावरून बोट फिरवायला गेल्या, आणि कॉल कट झाला.

आता भेट व्हायला हवी होती. नानीच्या भारताच्या व्हिसासाठी इथल्या माणसाचं हमीपत्र लागायचं, आणि त्यावर सरकारी अधिकाऱ्याचा किंवा मुख्याध्यापकाचा सही-शिक्का. खैरुनबींच्या घरचे हमी द्यायला भ्याले. "हमारे घर पुलिस आई तो मोहल्ला क्या बोलेगा?" त्यांची सून म्हणाली. तिला मी दोष देत नाही. तिच्या भीतीला कारणं आहेत आणि ती आपणच पुरवली आहेत. अप्पा म्हणाले, मी देतो हमी. राहिला शिक्का. माझा भाऊ मुख्याध्यापक. मला वाटलं, घरचंच काम आहे.

शिवानंदनं कागद वाचला आणि घडी घालून परत दिला. "अक्का, हे मला सांगू नगंस. उद्या माझ्या फोटोखाली कुनी काय लिवलं तर निस्तराया तू येनार हाईस का?"

"म्हातारी आहे रे ती. बहिणीला भेटायचंय तिला."

"आज म्हातारी म्हनायचं, उद्या दुसरंच कायतरी निगायचं. तुला न्हाय कळत. तू भाईर ऱ्हातीस."

बाहेर राहते म्हणून कळत नाही! ज्याच्या फीसाठी मी परक्या देशात रात्रपाळ्या केल्या, तो मला देश शिकवत होता. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. रुखसानाच्या भावानं कराचीहून तिला विचारलं होतं, हिंदूंच्या पंगतीला बसतेस, लाज नाही वाटत? दोन्ही भाऊ शिकलेले, दोन्ही सकाळी उठून देवाचं नाव घेणारे. त्यांना एका खोलीत बसवलं तर पहिल्या चहालाच त्यांचं एकमत होईल, अशी माझी खात्री आहे.

अप्पांनी मग पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून दुसऱ्या गावचे मुख्याध्यापक गाठले आणि शिक्का आणला. पुढे चौकशीला पोलीस घरी आला. अव्वानं त्याला ताक दिलं.

"पाकिस्तानच्या बाईचा आणि तुमचा संबंध काय?" त्यानं विचारलं.

"पाकिस्तानची कुटली?" अप्पा म्हणाले. "हितलीच हाय की. म्हायेराला येतीया."

त्यानं काय लिहून घेतलं देव जाणे. पाच महिन्यांनी अर्ज नामंजूर झाला. कारण नाही, खुलासा नाही. ऐंशीच्या घरातल्या, गुडघे गेलेल्या बाईपासून कुठल्या राष्ट्राला काय धोका होता, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हा खैरुनबींनीच मार्ग काढला. "वो नहीं आ सकती तो मैं जाती," त्या म्हणाल्या. जन्माचा दाखला नाही, आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. पासपोर्टला वर्ष गेलं. सून म्हणाली, "अम्मा, नक्को. इस उमर में लोगां हसेंगे." त्यावर त्या ताडकन म्हणाल्या, "मेरी भैन है. मैं क्या चोरी करने जा रई?"

नानी कराचीहून पुन्हा व्हिजिट व्हिसावर आली, आणि अशा सोलापूरच्या दोन मुली शारजात भेटल्या. विमानतळावर दोन व्हीलचेअर समोरासमोर आणल्या, तरी, फोनवर पाहिलेलं असूनही, ओळख पटेना. मग खैरुनबींनी पदर सावरला आणि सगळ्यात आधी जे विचारलं ते कित्येक वर्षं जपून ठेवलेलं असावं.

"अम्मा जाते टाइम मेरा नाम ली थी क्या?"

"हौ आपा," नानी म्हणाली. "तीन बार."

पुढे रुखसानानं मला सांगितलं की त्या अम्माची, म्हणजे तिच्या पणजीची, वाचा मरणाआधी सहा महिने गेलेली होती.

अकरा दिवस त्या आमच्या खोलीत राहिल्या. आम्ही दोघी जमिनीवर झोपलो. त्या भांडल्या, एकमेकींच्या केसांना तेल लावलं, बापानं कुणाला जास्त मारलं यावरून पुन्हा भांडल्या. मग दोन विमानं, दोन दारं. एकीचं कराचीला, एकीचं मुंबईला. सख्ख्या बहिणींना भेटायला तिसऱ्याचं अंगण लागलं, आणि त्या तिसऱ्यानं काही विचारलंही नाही. हे आठवलं की अजून माझी कानशिलं तापतात.

गेल्या वर्षी खैरुनबी गेल्या. मी तेव्हा रजेवर घरीच होते. मी आणि अप्पा निघालो तर शिवानंदनं स्कूटर काढली, आम्हाला वेशीपर्यंत आणून सोडलं आणि गल्लीच्या तोंडाशीच थांबला. त्या पलीकडे आला नाही. त्यांच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत, अप्पा गेले. दफन झाल्यावर मी नानीला फोन लावला. ती रडली नाही. तिनं विचारलं, "मेरे तरफ की मिट्टी कोन डाल्या?"

अप्पांनी फोन मागून घेतला. "मी टाकली की," ते मोठ्यानं म्हणाले. फोनवर ते नेहमीच ओरडतात. "आमच्यातबी जाळत न्हाईत, मातीच देत्यात. तुझ्या नावानं तीन मुठी टाकल्या. तू काळजी करू नगंस."

पलीकडून मग म्हातारीनं विचारलं, "जेवलात का तुमी?"

तिकडे गेलेल्या, इकडे राहिलेल्या माझ्या माणसांनो, मला तुम्ही नेहमी विचारता, आता घर कुठलं वाटतं, हे की ते? मी खूप वर्षं या प्रश्नाला गोड उत्तरं दिली. आता देत नाही. रजेचा अर्ज भरला की मला होटगीला जाता येतं, अव्वाच्या हातचं खाता येतं, उद्या कुणाच्या मातीला जाता येईल. याला मी नशीब म्हणत आले. ते नशीब नाही, ते प्रत्येक माणसाचं आहे. जैनबनानीचं ते काढून घेतलं गेलं, आणि घेणाऱ्यांत लांबचे साहेबच होते असं नाही. शिक्का हातात असून तो न उचलणारा माझा भाऊही होता. घर मला अजून तेवढंच हवं असतं. फक्त आता त्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवताना मला आधी राग येतो.