तोंड सोडून हळद

दिंडोरीकडे द्राक्षबागांत काम करणाऱ्या बायकांच्या टोळ्या पुष्कळ आहेत, पण कुसाबाईची टोळी येणार म्हटलं की बागायतदारसुद्धा सदऱ्याची बटणं लावून उभा राहतो. तिच्या कामात खोट काढायला जागा नाही आणि बोलण्यात भीडभाड नाही. एखाद्या नव्या पोरीने घड मुठीत धरला की चार ओळी पलीकडून आवाज येतो, "देठाला धर गं! मण्यावरची पावडर पुसली तर काय तुझ्या तोंडाची लावणार हायेस?"

मुलगा हर्षल पहिलीत होता तेव्हा तिचा नवरा गेला. टोळीत ती साधी मजूर म्हणून शिरली आणि आज ती टोळी तिच्याच नावाने ओळखली जाते. पोराला तिने डिप्लोमा करवला, तो नाशिकला अंबडच्या कारखान्यात लागला, येवल्याची तेजस्विनी सून म्हणून ठरली. हे सगळं ती एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही सांगते. का सांगू नये? ज्यांना फुकटात मिळालं ते सांगतात, हिने तर उन्हात उभं राहून मिळवलंय.

उन्हाने मात्र आपली खूण ठेवलीच. बायका स्कार्फ गुंडाळतात तेव्हा डोळे आणि गालाची हाडं उघडी राहतात, नेमके तिथेच काळे डाग उमटले. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. पण साखरपुड्याचा अल्बम आला आणि त्यात हर्षलशेजारी गुळगुळीत तोंडाची कुणी बाई उभी होती.

"ही कोण बया?"

"तूच की, आई," हर्षल हसला. "फोटोवाल्याने डाग काढून टाकलेत."

"मला न विचारता?" तिला राग आला. पण रात्रभर तोच विचार डोक्यात राहिला. फोटोतले डाग जातात तर खरे का नाय जाणार? लग्नात वरमाय म्हणून मिरवायचं तर आपल्याच तोंडाने मिरवू, फोटोवाल्याच्या मेहरबानीवर नको. बागांची काढणी संपली तशी ती एकटीच नाशिकला गेली आणि कॉलेज रोडवरच्या एका दवाखान्याची पायरी चढली.

डॉक्टर पूजा वयाने लहान, पण फसवणारी नव्हती. भिंगातून चेहरा बघून म्हणाली, "मावशी, गालावरचे डाग उन्हाचे आहेत, ते लेझरने बरेच फिके होतील. कपाळावर हे पसरट तपकिरी आहे ना, तो वांग. त्याला मी लेझर लावणार नाही, उलट काळा पडायचा. त्याला मलम देते."

"गालाचे समदे जातील?"

"सगळे जातील असं मी कुणालाच सांगत नाही. एका बैठकीत भागेल असंही नाही. आणि पुन्हा उन्हात उघड्या तोंडाने उभ्या राहिलात तर नवे येतील."

कुसाबाईला ती पोरगी तिथेच आवडली. बाग बघायच्या आधी भरघोस पिकाची हमी देणारी माणसं तिने खूप पाहिली होती.

आधी कानापुढच्या एकाच डागावर करून पाहिलं. आपल्या सावळ्या कातडीला लेझर सोसतो की नाही हे आधी कळायला हवं, असं डॉक्टरचं म्हणणं. तो डाग नीट फिका झाला, मग पुढची तारीख ठरली. लग्न तेव्हा महिन्याच्या आत आलं होतं. डॉक्टरने कपाळाला आठ्या घातल्या. "लग्नानंतर केलं तर बरं. आत्ता केलं तर महिनाभर चेहऱ्याला चोळायचं नाही. फेशियल नाही, ब्लीच नाही, हळद नाही."

कुसाबाई मोठ्याने हसली. "मला विधवेला कोण हळद लावतंय? तुम्ही करा सुरू."

डोळ्यांवर झाकणं बसली. मशीन टकटकायला लागलं. प्रत्येक टक्‌ला गालावर रबर ओढून सोडल्यासारखं, वर फोडणीचा थेंब उडाल्यासारखं. डॉक्टर मधूनच विचारायची, "सोसतंय ना?" कुसाबाई म्हणाली, "गांधीलमाशीपेक्षा बरं हाय." मग गार पट्ट्या ठेवल्या, मलम लावलं, उन्हाची क्रीम दिली आणि बजावून सांगितलं, की आज लाल होईल, उद्या सुजेल, मग डाग आधीपेक्षा काळे दिसतील. घाबरायचं नाही. खपली धरेल, ती आपोआप गळेल. नखाने काढायची नाही.

झालंही तसंच. तिसऱ्या दिवशी डाग असे काळेकुट्ट झाले, की अंबूबाईने कपाळावर हात मारून घेतला.

अंबूबाई म्हणजे कुसाबाईची थोरली जाऊ. तिचा नवरा तर लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी गेला होता. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक हळदीला ती आपण होऊन चुलीपाशी जाऊन बसायची, आणि पुढे कुसाबाईवर तीच वेळ आली तेव्हा तिलाही हाताला धरून तिनेच आत नेलं. मायेने नेलं. बाहेर कुणी काही बोलायच्या आत आपणच आत गेलेलं बरं, एवढंच तिला ठाऊक.

"कुसे, चांगल्या तोंडाचं काय करून घेतलंस! जायफळ उगाळून आणते दुधात, लावू."

"आक्का, जायफळ बासुंदीत घाल. तोंडाला बोट लावू देणार नाय."

आणि नाहीच लावू दिलं. खाज सुटली तरी हात पदराखाली दाबून बसली. खपल्या एकेक करून गळाल्या. खाली कोवळी, गुलाबी कातडी आली. डाव्या गालावरचा एक हट्टी डाग तेवढा राहिला, बाकीचे शोधावे लागत होते. कुसाबाई दिवसातून चारदा आरशासमोर जाई आणि कुणी बघितलं तर, "हो, बघतेय, माझंच तोंड हाय," म्हणे.

लग्नाला आठवडा उरला आणि तेजस्विनीचा फोन आला.

"आई, तुमच्याकडून उष्टी हळद माझ्याकडे येणार ना? ती यांच्याबरोबर तुम्हालाही लागलेली असली पाहिजे. नाहीतर मी लावून घेणार नाही. घरी सांगितलंय मी तसं."

फोन ठेवल्यावर कुसाबाई ओट्याला टेकून उभी राहिली आणि हसू की रडू असं तिला झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हळदीला बोलावलं, तेही सुनेने, आणि नेमकं आत्ता तोंड डॉक्टरच्या हुकमात! अख्खी टोळी हाकणारी बाई, आणि तारीख ठरवताना आपलीच हळद धरायला विसरली. पण धरणार तरी कशी? हळदीचा दिवस कित्येक वर्षं तिच्यासाठी फक्त पुऱ्या तळायचा दिवस होता.

तिने दवाखान्यात फोन लावला. "एक बोट तरी, डॉक्टर?"

"एकही नाही, मावशी. आत्ता चोळलं तर होते त्यापेक्षा काळे डाग येतील. चेहऱ्याला नाहीच."

हळदीच्या संध्याकाळी मांडव भरला. हर्षल पाटावर बसला, टोळीतल्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. सुनेची अट सगळ्या भावकीला कळली होती आणि निम्म्यांना ती पचलेली नव्हती. कुसाबाईला बोलवा, असं हर्षल म्हणाला तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून अंबूबाई पुढे झाली.

"राहू दे बाबा. तिला डॉक्टरनं मनाई केलीय. हळद लागली तर तोंड बिघडंल तिचं."

बोलली त्यात एक शब्द खोटा नव्हता, हीच तर पंचाईत. भावकीने सुटकेचा श्वास सोडला. हो हो, डॉक्टरचं ऐकलं पाहिजे, माना हलल्या. हर्षल गोंधळून आईला शोधायला लागला.

आत कुसाबाईच्या हातात झारा होता. या लोकांनी कधी डॉक्टरचं एक ऐकलं नाही, आणि आज तिला आत ठेवायला डॉक्टर बरी आठवली! तिला संताप आला. तिने झारा ठेवला, हात धुतले, बाहेर आली आणि हर्षलशेजारी दुसरा पाट ओढून बसली. पदर खोचला, दोन्ही हात कोपरापर्यंत पुढे केले.

"डॉक्टरनं तोंडाला नाय म्हणलंय. तोंड तेवढं तिच्या ताब्यात, बाकी सगळी मी माझी हाय. लाव, हर्षल."

हर्षलने वाटीत हात बुडवला. आईच्या बोटांपासून कोपरापर्यंत त्याने हळद लावली, सावकाश, एकही जागा न सोडता. हेच हात पहाटे पाचला त्याचा डबा भरून बागेत जात, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. मग टोळीतल्या बायका उठल्या. पावलांना कोण लावणार यावरून त्यांच्यात जुंपली, आणि नाके मुरडणाऱ्या भावकीला त्या गर्दीत मागे सरावं लागलं. कुसाबाई मध्ये बसली होती, उजळलेलं तोंड वर करून, गावातल्या कुठल्याही वरमाईपेक्षा ताठ.

हळद लावून झाली. उष्ट्या हळदीची वाटी येवल्याला निघाली. कुसाबाई उठली, ओले पिवळे हात तसेच धरून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. अंबूबाई चौकटीला धरून उभी होती.

"आक्का, तुला कुठल्या डॉक्टरनं मनाई केलीय?"

"कुसे, नको गं. लोक बघतायत. माझं वय का आता..."

कुसाबाईने दोन्ही तळवे तिच्या सुरकुतलेल्या गालांवर ठेवले आणि क्षणभर तसेच धरून ठेवले. तिने हात काढले तेव्हा अंबूबाईचे डोळे मिटलेले होते. मग सवयीने तिचा पदर वर गेला. सगळ्यांना वाटलं, आता ती हळद पुसणार. तिने नुसते डोळे टिपले, गालांना धक्का न लावता.