काकडीवर भुरी आली ते वर्ष

शेडनेटमधल्या काकडीवर भुरी आली ती आधी मला दिसली, आणि दोन दिवस मी ती कुणाला सांगितली नाही. माझं असंच आहे. वाईट गोष्ट दिसली की आधी गिळायची, आणि पोटात मावेनाशी झाली की भलत्याच माणसावर ओरडायचं. आमचे हे म्हणतात, "तुझा राग आधी चप्पल घालून निघतो आन् मंग इचारतो कुठं जायचंय." ह्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य वर्षातून एकदा निघतं, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

पानाच्या वरच्या अंगाला पिठाचं बोट लागावं तसा एक ठिपका होता. मी तो अंगठ्याने पुसला. दुसऱ्या दिवशी त्याच वेलावर चार ठिपके होते आणि शेजारच्या वेलावर दोन. मग मला भाकरी थापताना परातीतसुद्धा ठिपकेच दिसायला लागले.

आमचं गाव वडवणीपासून डोंगराकडच्या अंगाला आहे. गावाबाहेर आमची वस्ती, आणि वस्तीला लागून वीस गुंठ्यांचं शेडनेट. त्यात बियाण्याच्या कंपनीचा काकडीचा प्लॉट होता. ही खायची काकडी नव्हे, बी धरायची. तिचं काम सोन्याच्या दागिन्यापेक्षा नाजूक. मादीच्या ओळी वेगळ्या, नराच्या वेगळ्या. उद्या उमलणारी मादी कळी आज संध्याकाळी शोधायची, तिला कागदाची टोपी घालायची. सकाळी टोपी काढून नराचं फूल तिच्यावर हलक्या हाताने फिरवायचं आणि देठाला लाल दोरा बांधायचा. ह्याला क्रॉसिंग म्हणतात. दहाच्या आत जेवढं झालं तेवढं झालं, नंतर नराच्या फुलात जीव राहत नाही. असं सव्वा महिना रोज. माझ्याबरोबर गावातल्या पाच बायका यायच्या.

त्या प्लॉटवर आमचं काय टांगलं होतं ते सांगते. लग्न झाल्यापासून तेरा वर्षं आम्ही दोघं ऊसतोडीला गेलो. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. सासूबाई, म्हणजे आत्या, आणि मामंजी हे आमच्याआधीचा कोयता. मामंजी गेले, आत्यांचे गुडघे गेले, तरी त्या आमच्याबरोबर यायच्या. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या आमच्या झोपडीत, चूल सांभाळायच्या, नात सांभाळायच्या. वस्तीवर म्हातारी आणि पोर अशा दोघींनाच मागे ठेवायला ह्यांचा जीव धजत नसे. त्यामुळे दिवाळी झाली की सगळं घर ट्रकमध्ये, आणि पोरीची शाळा अर्ध्यावर. ती आता सहावीत होती. तिला भागाकार दर वर्षी पहिल्यापासून शिकावा लागायचा. त्या वर्षी आम्ही ठरवलं, प्लॉट निघाला तर कोयता नाही. प्लॉट बसला तर दिवाळीनंतर ट्रकमध्ये.

तोडीची टोळी जमवणारा मुकादम गावातलाच. दर दोन दिवसांनी ओट्यावर येऊन बसायचा आणि आत्यांना विचारायचा, "काकू, ह्यांचा कोयता धरू का न्हाई? मला टोळी पुरी करायची हाय."

आत्या म्हणायच्या, "च्या घे. माझ्या सुनंनं बाग लावलीय. ती न्हाई येत औंदा."

बाग म्हणायच्या त्या शेडनेटला. एरवी मला बरं वाटायचं, पण ठिपके दिसल्यावर तो आला तेव्हा मी ओट्यावरून उठून गेले, कारण त्या बागेत काय पसरतंय ते मलाच माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी सांगावंच लागलं. कंपनीचा सुपरवायझर येऊन पानं उलटी-सुलटी करून गेला. पन्नाशीचा शांत माणूस. खालची जुनी पानं काढा म्हणाला, आत हवा खेळू द्या, संध्याकाळी पाणी देऊ नका. आणि गंधक मारा. "पर ताई, येक ध्यानात ठिवा. गंधक ऊन उतरल्यावर. टोप्या घालून झाल्या की मंग मारायचं, त्येबी हलकं. काकडीचं पान लई हळवं असतंय. उन्हात मारलं तर भुरीआधी तुमीच प्लॉट खाऊन टाकताल."

मी तसंच केलं. दिवस मावळताना पंप पाठीवर घेऊन ओळीओळीने फिरायचे. पाटीभर जुनी पानं काढून लांब नेऊन जाळली. भुरी थांबली का, तर थांबलीही नाही आणि धावलीही नाही. एका ओळीत कमी झालेली दिसायची आणि दुसरीत नवी दिसायची. मी सकाळी उठल्या-उठल्या चहाच्या आधी शेडनेटमध्ये जायचे, दुपारी जायचे, पोरीला शाळेत सोडून परत येताना वाट वाकडी करून जायचे. पानाला सारखं बघितल्याने रोग हटत नाही हे मला कळत होतं. तरी पाय तिकडेच जायचे. घरात कुणी भांडं आपटलं तरी मी दचकून बघायचे. हे एकदा म्हणाले, "आगं, जेव तरी नीट." मी म्हणाले, "तुमी जेवा, तुमचं पोट बरं चालतंय." त्यांनी ताट तसंच बाजूला सारलं आणि उठले. त्याचंही मला वाईट वाटलं, पण ते मी बोलले नाही.

मग एका सकाळी सुपरवायझरचा निरोप आला. उद्या येतो, सगळा प्लॉट बघतो, ठेवायचा का उपटायचा ते उद्याच ठरेल.

त्याच सकाळी हे दोरे आणि टोप्या आणायला वडवणीला गेले होते. त्यांच्या निघायच्या घाईत माझी शेडनेटची पहिली फेरी चुकली, आणि मी तशीच पोरीला शाळेत सोडून आले. बायका शेडनेटच्या दाराशी उभ्या होत्या, पण आत गेल्या नव्हत्या. एकीने मला नुसतं आत बघायला खुणावलं.

आत सगळं पांढरं होतं. पानं पांढरी, वेल पांढरे, नराची पिवळी फुलं पांढरी. मधल्या ओळीत आत्या घमेलं घेऊन उभ्या होत्या. पहाटेपासून त्यांनी चुलीतली राख वस्त्रगाळ करून वीसच्या वीस गुंठ्यांवर टाकली होती. गुडघ्यांना चिंध्या बांधून, एकटीने.

"दव हाय तवरच टाकाया पायजे," त्या म्हणाल्या. "मंग चिकटती. आमी दोडक्याला, भोपळ्याला राखच टाकायचो. भुरी पळून जाती बग."

त्यांच्या चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचं समाधान होतं. ते बघून मला जास्तच चेव आला.

"आत्या, कावून केलं हे? कुणी सांगितलं होतं तुमाला?"

"आगं, तू रोज रडकुंडीला येती..."

"मी मरंन न्हाईतर जगंन. तुमी कशाला हात लावला? आज टोपीखालच्या कळ्या तेवढ्या चांगल्या हायत, पर नराची फुलं समदी बाद झाली. उद्या साहेब येणार. त्येला भुरी कोणती आन् राख कोणती, मी काय बोट लावून दाखवू? घालवलं तुमी. समदं घालवलं."

पाच बायकांसमोर मी हे बोलले. एकीने पदर तोंडाला लावला, बाकीच्या खाली बघत राहिल्या. आत्यांनी घमेलं हळूच खाली ठेवलं. हाताला लागलेली राख लुगड्याला पुसली आणि भिंतीला धरून चालावं तसं एकेक खांब धरत बाहेर गेल्या. माझी सासू तोंडाने मऊ कधीच नव्हती. त्या दिवशी ती गप्प बसली आणि मी बोलत सुटले.

बायकांना मी घरी पाठवलं. एका दिवसाचं क्रॉसिंग गेलं होतं, एवढंच. हे आज लिहिताना किती साधं वाटतं. तेव्हा मात्र माझ्या डोक्यात एकच घुसलं होतं, की उद्या तो माणूस येईल, पांढरी पानं बघेल आणि उपटा म्हणेल. पानं पुसायला घेतली, पण हजारो पानं कुठवर पुसणार? राखेखालची भुरी आता दिसतही नव्हती. ती तिथे वाढत असेल, मी बघू शकत नाही, हा विचार मला बसू देईना.

दुपारी एकच्या सुमाराला मी पंप भरला. गंधक रोजच्यापेक्षा दुप्पट घातलं. ऊन डोक्यावर होतं, आत घामाने अंग निथळत होतं. हलकं मारा, ऊन उतरल्यावर मारा, हे मला तोंडपाठ होतं. मी ते विसरले असं म्हणणार नाही. मला आठवत होतं आणि मी मारत होते. दारापासून सुरुवात करून निम्मा प्लॉट झाला तेव्हा पंपाची बॅटरी उतरली, म्हणून मी थांबले. नाहीतर सगळा मारला असता. पंप धुतला, खुंटीला अडकवला.

चारला हे आले. मी त्यांना राखेचं सांगितलं, अगदी पहिल्यापासून, आत्या काय म्हणाल्या तेही. पंपाचं सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराकडच्या अर्ध्या प्लॉटची पानं कडेने करपली होती. काही ठिकाणी पान हातात घेतलं की चुरा व्हायचं. कोवळी फळं काळवंडली होती, कळ्या मान टाकून होत्या. मागचा अर्धा तसाच उभा होता, राखेने माखलेला आणि हिरवा. हे मधोमध उभे राहून एकदा इकडे बघत, एकदा तिकडे.

"लई वाईट राख होती का गं?" ते मला म्हणाले.

मी खाली वाकून करपलेली पानं खुडायला लागले.

सुपरवायझर आला. आधी मागच्या ओळीत गेला. एका पानावरची राख अंगठ्याने पुसली, खाली बघितलं, दुसरं पुसलं. मग दाराकडच्या ओळीत आला. हे पाणी आणायला घरात गेले होते. आत्या शेडनेटच्या बाहेर, ऐकू येणार नाही इतक्या लांब, दगडावर बसल्या होत्या.

"गंधक कवा मारलं, ताई?" त्याने विचारलं.

"सांजच्याला," मी म्हणाले. "रोजच्यावानी."

त्याने करपलेली कड माझ्यापुढे धरली. "राख पुसून जाती, ताई. एक दिस फुकट जातो, दुसरं काय न्हाई. ही कड पुसून जात न्हाई." एवढंच म्हणाला. रागावला नाही. त्याने वहीत लिहिलं आणि सांगितलं की मागचा अर्धा ठेवू, पुढचा काढून टाका. अर्ध्याचं क्रॉसिंग शेवटपर्यंत नीट करा, भुरी आटोक्यात आहे.

हे पाणी घेऊन आले तेव्हा त्याने ह्यांनाही तेवढंच सांगितलं, अर्धा ठेवा, अर्धा काढा. का, ते ह्यांनी विचारलं नाही. सगळ्यांना का ते माहीतच होतं.

अर्ध्या प्लॉटवर घर वर्षभर चालणार नव्हतं, आणि अर्धा प्लॉट सोडून जाताही येत नव्हतं. फळं पिकून बी निघेपर्यंत इथे कुणीतरी हवं होतं, आणि ते काम मलाच येत होतं. संध्याकाळी मुकादम आला. हे म्हणाले, मी एकटा येतो.

"एकल्याचा कोयता कसा धरू, दाजी?" मुकादम म्हणाला. "तोडणारा एक आन् मोळी बांधणारं एक लागतंय. दुसरं माणूस द्या."

मी पोरीकडे बघितलं. ती उंबऱ्यात बसून वहीत काहीतरी लिहीत होती. आता हे मला म्हणतील, प्लॉट सोड आणि चल, असं मला वाटलं. आत्या आतून आल्या.

"मी हाय की," त्या म्हणाल्या. "मोळ्या बांधीन मी. त्येच्या बापासंग बांधल्या, त्येच्यासंग बी बांधीन. राख मी टाकली, ती मलाच निस्तरू दे."

"काकू, गुडघं?"

"गुडघं माझं हायत. तू कोयता धर."

मुकादमाने ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या वेळी मला सगळं सांगता आलं असतं. दोनच वाक्यं होती. ती मी मनात जुळवलीसुद्धा. मग मला ट्रक दिसला, आणि त्यात बसलेली माझी पोर दिसली, आणि मी म्हणाले, "नको आत्या, तुमाला झेपायचं न्हाई." तेवढं मी एकदा म्हणाले. आमच्याकडे साधा चहासुद्धा तीनदा नको म्हटल्याशिवाय सुटत नाही. मी दुसऱ्यांदा नको म्हणाले नाही.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात ट्रक आला. मांजरसुंब्याला इतर गावच्या टोळ्या मिळायच्या होत्या, म्हणून मुकादम घाई करत होता. सामान चढलं, ह्यांनी आत्यांना हाताला धरून वर घेतलं. चढताना त्यांच्या तोंडून कण्हणं निघालं, ते त्यांनी खोकला काढून लपवलं. मी खाली उभी होते. त्यांनी फळीवरून वाकून मला जवळ बोलावलं.

"पोरीची साळा बुडवू नको," त्या म्हणाल्या. "आन् राखंचं मनावर घेऊ नको गं. माझं मेलीचं डोस्कंच चाललं न्हाई त्या दिशी."

मी म्हणाले, "न्हाई घेत, आत्या."