राळ आणि ओतिलियाचे हात

रविवारी चर्चमध्ये सगळे शेजाऱ्यापाजाऱ्याला हात देऊन 'शांती असो' म्हणत, तेव्हा ओतिलियाचे हात कोटाच्या खिशात असत. नवीन माणसाला वाटे, काय ताठा आहे बाईला! ताठा कसला, लाज होती ती. वाह नावाच्या नदीकाठी असलेल्या कागद कारखान्यात एकोणतीस वर्षं तिने राळ खरवडली होती. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडातली ही राळ लगद्याबरोबर येते, यंत्राच्या जाळीवर थापून बसते आणि कागदावर काळे ठिपके पाडते. यंत्र थांबलं की ओतिलिया, तिची मैत्रीण मार्गिता आणि आणखी चौघी रॉकेलची बादली आणि पितळी खरवडण्या घेऊन आत शिरत. जाळी स्वच्छ निघे, हात मात्र काळेच राहत. एकदा सुनेने तिच्यासमोरून पिठाची परात हळूच बाजूला ओढली. त्या दिवशी ओतिलिया जेवली नाही.

मग प्रयोगशाळेत ल्युबित्सा आली. पोरीची इंजिनियरची पदवी अजून कोरी करकरीत होती.

"मावशी, राळ खाणारी बुरशी असते," ती खरवडणाऱ्या बायकांना सांगू लागली. "पांढरी, डाग न पाडणारी. लाकडाच्या ढलप्यांवर फवारायची आणि ढीग पंधरा दिवस तसाच ठेवायचा. लगदा होण्याआधीच राळ फस्त!"

"आणि मग आम्ही काय जाळी चाटत बसायचं?" मार्गिताने विचारलं.

ल्युबित्साला खोटं बोलता येत नसे. "सहाजणींची गरज नाही उरणार," ती खाली बघत म्हणाली. "दोघी पुरतील."

संचालकांनी एकाच प्रयोगाला परवानगी दिली. फवारणीची जुनी टाकी घासायचं काम ओतिलियाकडे आलं. "लख्ख घासा हं, मावशी. बुळबुळीत काही राहायला नको," ल्युबित्साने बजावलं.

आता या कारखान्यात बुळबुळीत दिसलं की माणूस दुसरा विचारच करत नाही, क्लोरीनचं पाणी ओततो. ओतिलियाने तेच केलं. टाकी चकचकीत झाली, आणि रात्रीतून वास धरू नये म्हणून नेहमीसारखं अर्धी बादली तेच पाणी तिने तळाशी राहू दिलं. सकाळी त्यातच बुरशी कालवली गेली.

पंधरा दिवसांनी कागद निघाला तो काळ्या ठिपक्यांनी भरलेला. "बुरशीबाईंनी आता गाशा गुंडाळावा," संचालक चारचौघांत म्हणाले. काहीजण हसले.

ल्युबित्सा सूक्ष्मदर्शकावर वाकून बसली होती. "सगळी मेलेली आहे, मावशी. एकही जिवंत नाही. टाकीत कालवताना माझंच काहीतरी चुकलं."

टाकी म्हटल्याबरोबर ओतिलियाला तळाशी ठेवलेलं क्लोरीनचं पाणी आठवलं.

तिने मार्गिताला सांगितलं. मार्गिताने तिचं मनगट घट्ट धरलं. "तोंडातून अवाक्षर काढू नकोस."

"मी मुद्दाम नाही केलं गं."

"मग पाप कसलं? आणि सांगितलंस तरी कोण मानणार? राळेवर पोट भरणारी बाई म्हणे चुकून बुरशी मारते! माझा नवरा खाटेवर आहे, ओतिलिया. तेवढं लक्षात ठेव."

तीन दिवस ओतिलिया गप्प राहिली. कोबीचं सूप ताटलीत गार होई, आणि भूक नाही म्हणायचाही तिला कंटाळा येई. चौथ्या दिवशी ल्युबित्सा खोक्यात पुस्तकं भरताना दिसली. डोळे सुजलेले. "नापासच आहे मी, मावशी," ती म्हणाली, आणि ओतिलियाच्या तोंडून क्लोरीनची गोष्ट सगळी बाहेर पडली.

ल्युबित्साच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. "मुद्दाम?"

"नाही गं पोरी."

तिने ते परत टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "क्लोरीन नको, हे मीच सांगायला हवं होतं. मी फक्त लख्ख म्हटलं."

संचालकांपुढे तिने चूक आपल्याच अंगावर घेतली आणि दुसरा प्रयोग मागून घेतला. या वेळी ओतिलियाने टाकी नुसत्या उकळत्या पाण्याने धुतली. ल्युबित्सा पूर्ण वेळ शेजारी उभी होती. ती का उभी आहे हे ओतिलियाला कळत होतं, आणि ते फार लागलं.

पंधरा दिवसांनी तिने जाळीवर तळहात फिरवला. हाताला काही चिकटलं नाही. एकोणतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिला आनंद झाला, खोटं कशाला बोला.

नाताळाआधी चौघींना घरी बसवलं. त्यांत ओतिलिया होती आणि मार्गिताही. हळूहळू नखं वाढत गेली, काळी कापली गेली, नवी गुलाबी आली. सुनेने आपणहून परात पुढे केली.

ईस्टरच्या रविवारी ओतिलियाने चर्चमध्ये पहिल्यांदा हात खिशातून काढला आणि शेजारी बसलेल्या मार्गितापुढे धरला. "शांती असो, मार्गिता."

मार्गिताचेही हात एव्हाना स्वच्छ झाले असतील. तिने ते खिशातून काढले नाहीत.