दोघांत वाटलेली बंदिश

खाँसाहेबांचं जुन्नरच्या पेठेत बांगड्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक बाईचा हात हातात, निम्म्या बांगड्या भरलेल्या, आणि नव्या बंदिशीचा मुखडा सुचला की खाँसाहेब तसेच थांबायचे. बाया हसायच्या, पण हात काढून घ्यायच्या नाहीत. आज त्यांच्या बंदिशी पुण्या-मुंबईच्या मैफलींत गातात. गाणाऱ्यांतल्या निम्म्यांना जुन्नर कुठं आलं तेही ठाऊक नसेल.

त्यांचे शेवटचे शिष्य आम्ही दोघं. मी, आणि महाळुंगे पडवळचा माझा गुरुभाऊ, बटाटा लावणारा शेतकरी. आमचं एक मिनिट पटायचं नाही. शेवटची बंदिश त्यांनी दोघांत वाटून दिली. पहिला भाग, स्थायी, मला आणि पुढचा, अंतरा, त्याला, वेगवेगळ्या दिवशी, दार लावून. "मी गेल्यावर समोरासमोर बसा आणि जोडा," म्हणाले.

ते गेले. पहिल्या बरसीलाच हा पठ्ठ्या चारचौघांत म्हणाला, "स्थायी काय, कुणालाबी येती. जीव अंतऱ्यात असतो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तानपुरा तिथंच ठेवून मी उठले. बंदिश राहिली आणि बोलणंही बंद झालं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी त्याच्या बायकोचा फोन आला. "ताई, घशात गाठ हाय यांच्या. आत्ता पुण्याला नेतोय, उद्या आपरेशन. आवाज ऱ्हायचा न्हाई म्हणत्यात."

मी म्हटलं, "अहो, मग अंतरा मोबाइलमध्ये भरून घ्या!"

"म्हनलं की. ऐकत्यात व्हय? ताई समोर पायजे, खाँसाहेबांनी तसंच सांगितलंय, म्हणत्यात."

मेला हट्टी! स्कूटी काढली. रस्ताभर एकाच तोंडानं त्याला शिव्या घातल्या आणि देवाचा धावा केला. नारायणगावात टोमॅटोच्या टेम्पोंनी रस्ता अडवलेला. गाडी निघून गेली तर अंतरा गेला, खाँसाहेबांची शेवटची चीज कायमची अर्धी राहिली. डोक्यात दुसरं काही नव्हतं.

पोचले तेव्हा गाडी दारात उभी, पिशव्या आत टाकलेल्या, त्याचा मेव्हणा हॉर्न वाजवतोय. हा ओट्यावर बसलेला, निम्मा झालेला. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली होती. त्यानं माझ्याकडं बघून नुसता हात केला. म्हण.

स्थायीत एक बाई रुसून बसलीय, दाराला आतून कडी घातलीय, कुणी आलं तरी उघडणार नाही म्हणते. मी ती कायम तोऱ्यात गायचे. त्या दिवशी आवाज कापत होता.

मग त्यानं अंतरा उचलला. आवाज कसला, नुसती खरखर. वरच्या षड्जाला जाताना तो फाटला. "बास करा की दाजी, उशीर व्हतोय," मेव्हणा म्हणाला. "गप बसा हो तुम्ही!" मी ओरडले. दुसऱ्यांदाही फाटला. माझा जीव टांगणीला. मदत करावी तर पुढचा सूर मला ठाऊकच नव्हता. तिसऱ्या वेळी लागला. बारीक, पण खरा.

अंतऱ्यात दाराबाहेरचा बोलत होता. मीही रुसलोच होतो, म्हणत होता, पण चालता चालता राग वाटेतच संपला. तुझा संपला असेल तर बघ.

अहो खाँसाहेब! तुम्ही आम्हाला चांगलंच ओळखून होता. मला रडू फुटलं. तो मात्र शेवटच्या अक्षरावर थांबून राहिला, माझ्याकडं बघत. परत मुखड्यावर, स्थायीच्या पहिल्या ओळीवर यायचं, तर मुखडा माझ्याकडं. मी रडत रडतच उचलला. समेवर त्यानं मान हलवली.

"अंतरा संपला की रोज हितंच येऊन थांबत व्हतो," तो कसाबसा म्हणाला आणि गाडीत बसला.

मी घरापर्यंत अंतरा घोळवत आले. सुटू नये म्हणून वाटेत कुणाशी बोलले नाही.

माणूस वाचला, आवाज गेला. आता मी अधूनमधून जाते आणि त्याच्या ओट्यावर बसून दोन्ही बाजू मीच गाते. अंतरा संपला की तो हात वर करून मला अडवतो, मुखडा लगेच घेऊ देत नाही. मी थांबते.