"बार भरला का?"

आमच्या घरात ठासणीची बंदूक होती. रानडुकरांपासून पीक राखायला सासऱ्यांनी परवाना काढून घेतलेली. मला ती मेली कधीच आवडली नाही. दाराआड खुंटीला टांगलेली असायची, आणि तिच्याकडं पाठ करून झाडायला लागले की मानेवर काटा यायचा.

सासऱ्यांना सगळे आबाच म्हणायचे. बंदुकीचा बार भरणं त्यांचं काम. दारू, चिंधी, छर्रे नळीत घालून गजानं ठासायचे. दारू किती, ठासायचं किती, हे हवा बघून ठरवायचे. "कमी झाली तर फुसका बार, जास्त झाली तर नळीच हातात येती," म्हणायचे.

आता आमच्याकडं तंबाखूचाही बारच भरतात. चुना लावून मळली, दाढेखाली धरली, की बार भरला. एका घरात दोन कामांना एकच शब्द, आणि एवढ्या वर्षांत कुणाच्या डोक्यात शिरलं नाही की हे एक दिवस अंगावर येईल.

त्या दिवशी दुपारीच आबांनी बंदूक भरून ठेवली. मी समोरच शेंगा फोडत बसले होते. दिवस कलताना मालक आष्टीच्या बाजारातून आले, आणि डुकरं मक्यात घुसल्याचा निरोप आला. आमच्या मालकांचं म्हणजे घोड्यावर बसूनच सगळं. बंदूक उचलून ते गोठ्याकडं निघाले, दारू-छर्रे तिथंच ठेवलेले असायचे. मी आत भाकरी थापत होते.

"आबा, बार भरला का?" गोठ्याकडून आवाज आला.

"न्हाई रं, भरतो आता," ओट्यावरून आबा म्हणाले.

भाकरी तव्यावर टाकून बाहेर आले तर गोठ्यापाशी दारूची डबी उघडी, मालक गायब. आबा तळहातावर तंबाखू मळत बसलेले.

"आबा, दुपारी भरलेली बंदूक परत कावून भरली त्यांनी?"

त्यांचा अंगठा थांबला. तोंड पांढरं पडलं.

"बंदुकीचं इचारत हुता व्हय त्यो? म्या तंबाखूचं म्हनलं."

मी पळत सुटले. मका डोक्याच्या वर गेलेला, आत माणूस कुठं आणि जनावर कुठं काही कळेना. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, पण तेव्हा कसली पद्धत नि कसलं काय. नाव घेऊन ओरडत होते, "उडवू नका, दोनदा भरलीय!" पानं तोंडावर सपासप लागत होती. मी लई भ्याले होते.

मग आवाज झाला. एवढा मोठा आवाज त्या बंदुकीचा मी कधीच ऐकला नव्हता.

मालक बांधावर बसले होते. डावा हात मांडीवर होता, अंगठा आणि दोन बोटं नव्हती. फाटलेली नळी बघून त्यांना सगळं उमगलं होतं. मला जवळ ओढून ते पुटपुटले, "आबाला सांगू नको. नळी जुनी हुती म्हन."

आबा माझ्या मागंच उभे होते. त्यांनी डोक्याचा पटका सोडला आणि पोराच्या हाताला गुंडाळायला लागले.